भिंतीपाशी फुल सिग्नल

१

शाळा सुटली की याची शाळा भरते, असं भावोजी माझ्याबद्दल सगळ्यांना सांगतात. खोटं नाही ते. मुलं घरी गेली की मी पाठीवर पिशवी घेऊन फाटकातून आत शिरतो. शाळेच्या वायफायची देखभाल भावोजींकडे आहे आणि भावोजींच्या हाताखाली मी आहे. आठवीतून शाळा सोडली तेव्हा पुन्हा वर्गाचं तोंड बघावं लागणार नाही म्हणून मी मनातून सुटलो होतो. आता साऱ्या वर्गांच्या किल्ल्या माझ्याच कमरेला असतात. ‘तोंडाला कुलूप आणि कमरेला किल्ल्या’, हेही भावोजींचंच.

माणसांशी बोलताना मी अडखळतो. यंत्राला घाई नसते. ते का बिघडलं हे शोधत बसता येतं आणि तोवर ते ‘अरे, बोल की पटकन’ असं म्हणत नाही. म्हणून मला दुपारनंतरची शाळा आवडते. वर्ग रिकामा झाला तरी लगेच रिकामा होत नाही. कुठे पंखा फिरत राहिलेला असतो, कुठे फळ्यावर अर्धं गणित, कुठे बाकाखाली विसरलेला जेवणाचा डबा. मी पंखा बंद करतो, गणित तसंच ठेवतो, डबा टेबलावर नेऊन ठेवतो आणि कामाला लागतो.

त्या दिवशी तक्रार होती वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गाची. तिथे खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एका मुलीऐवजी टॅब बसतो. मुलगी आजारी आहे, बरेच महिने अंथरुणावर. तिच्या जागी एका स्टँडमध्ये टॅब उभा करून ठेवतात. घरी तिच्यापाशी दुसरा टॅब असतो, त्यावर ती वर्ग बघते, ऐकते, हात वर करते. वर्गातली पोरं या टॅबला ‘ठकी’ म्हणतात. लाकडाची बाहुली नुसती बसून असते ना, तशी. हळूहळू मुलीलाही तेच नाव पडलं.

वर्गाच्या बाई माझ्यासाठी थांबल्या होत्या. आठवडा झाला, ठकी मुकी झालीय, म्हणाल्या. रोज चालू करते, रोज तिच्यापुढे हात जोडते, ढिम्म. पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही म्हणे त्यांनी आठवडाभर. बाई चिडलेल्या नव्हत्या, ओशाळलेल्या होत्या. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून घाईने निघून गेल्या.

मी टॅब हातात घेतला. सिग्नल फुल होता. खाली लिहिलं होतं: जोडलं आहे, इंटरनेट नाही.

२

असल्या दुखण्यावरच्या उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी वायफाय बंद करून चालू करायचं. मग टॅबच बंद करून चालू करायचा. मग तारीख-वेळ बघायची, कारण घड्याळ चुकलं की यंत्र उगीच रुसतं. शेवटी ‘नेटवर्क विसरा’ दाबायचं आणि पासवर्ड नव्याने घालायचा. निम्मी दुखणी या शेवटच्या उपायाने जातात.

मी सगळं केलं. टॅबने पासवर्ड घेतला, सिग्नल भरला आणि पुन्हा तेच. पिशवीतला जुना लॅपटॉप त्याच बाकावर ठेवून बघितला, त्याला नेट छान मिळत होतं. म्हणजे शाळेचं नेट ठीक, टॅब ठीक, आणि दोघांचं मिळून काहीच ठीक नाही.

आता मुलीच्या घरी फोन करणं आलं. फोन करणं माझ्या जिवावर येतं. वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. तिच्या आईने उचलला. मी शाळेचा वायफायवाला बोलतोय, मुलीचे तास बुडताहेत, माफ करा, लवकर दुरुस्त करतो, हे मी एका दमात म्हणून टाकलं.

“बुडतात कुठे?” आई म्हणाल्या. “रोज बसते की. उलट गेल्या आठवड्यापासून एकदाही तुटलं नाही. आधी नुसतं गोल गोल फिरत राहायचं. मीच तुम्हाला फोन करणार होते, बरं झालं नीट केलंत म्हणून.”

मी विचारलं, आजसुद्धा बसली?

“आत्तासुद्धा बसलीय. हे ऐका.”

त्यांनी फोन आतल्या खोलीकडे धरला असावा. लांबून एका बाईंचा आवाज आला, शिकवताना असतो तसा, सावकाश. शब्द कळले नाहीत. मग बरीच मुलं एका सुरात काहीतरी म्हणाली.

मी वर्गात उभा होतो. फळा पुसलेला. बाक रिकामे. मुलीला हा वर्ग दाखवणारा एकुलता एक टॅब माझ्या हातात होता आणि त्याचा पडदा काळा होता.

बरं बरं, असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला. मग मनाची समजूत घातली. जुने तास कुणीतरी साठवून ठेवले असतील, तेच ती बघत असेल. किंवा एखादी शिकवणी. मुलं आईला काहीही सांगतात. आम्ही काय कमी सांगितलं?

३

पुढचं कळायला आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगावी लागेल. शाळेत छताला पांढरे डबे लावलेले असतात, दर दोन-चार वर्गांमागे एक. हेच वायफाय देतात. सगळे डबे एकाच नावाने हाका मारतात आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो. असं मुद्दाम करतात, म्हणजे मूल टॅब घेऊन या वर्गातून त्या वर्गात गेलं तरी काही दाबावं लागत नाही. टॅब आपोआप जवळच्या डब्याचा हात धरतो. पण यात एक खोट आहे. नाव ओळखीचं आहे आणि पासवर्ड जुळतोय, एवढंच यंत्र बघतं. हाक नक्की कुणी मारली हे ते विचारत नाही. ज्याची हाक मोठी, त्याच्याकडे जातं.

प्रत्येक डब्याला आपला आतला क्रमांक असतो. टॅबने हात धरला होता त्या डब्याचा क्रमांक मी काढून पाहिला. तो आमचा नव्हता.

भावोजींना फोन केला. ते जेवत होते. म्हणाले, कुणा मास्तराने हौसेने घरचा डबा आणून लावला असणार, आणि शहाण्याने नाव-पासवर्ड शाळेचाच ठेवला असेल. शोध, वायर उपट आणि घरी ये. एवढ्यासाठी माझा घास थांबवलास.

डबा शोधायची रीत सोपी आहे. टॅब हातात धरून चालायचं. सिग्नल वाढतो त्या बाजूला जायचं. मी जिन्याकडे गेलो, सिग्नल उतरला. मागे फिरलो, चढला. शेवटच्या वर्गापुढे व्हरांड्याचा थोडासा तुकडा आहे आणि मग इमारतीची शेवटची भिंत. तिथे कुणी जात नाही. मोडक्या खुर्च्यांचा ढीग असतो. मी एकेक पाऊल टाकत गेलो आणि सिग्नल चढत गेला. भिंतीला टॅब टेकवला तेव्हा सिग्नलचा आकडा याहून वर जाऊ शकत नाही इथवर गेला होता.

खुर्च्या बाजूला काढल्या. छताची पट्टी उघडून हात घालून पाहिलं. धूळ, आमचीच एक जुनी वायर, बाकी काही नाही. वर्गाच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून भिंतीची बाहेरची बाजू बघितली. सपाट. एक पन्हळ खाली गेलेली आणि पार खाली सायकली ठेवायची शेड. भिंतीची जाडी हातभरसुद्धा नसेल. पलीकडे नुसती हवा.

मग मी भिंतीला कान लावला. का लावला सांगता येत नाही. डबा आवाज करत नसतो.

आत बाक सरकले. बाई वर्गात आल्यावर सगळी मुलं उभी राहतात आणि मग बसतात, तेव्हा सरकतात तसे, एकदम सगळे.

पाण्याची टाकी वरच आहे, पाइप तापले की कुरकुरतात, हे मला माहीत आहे. तेच असेल असं मी ठरवलं. पण टॅब छातीशी धरून परत निघालो तेव्हा लक्षात आलं की मी चवड्यांवर चालतोय. आत तास चालू असला की बाहेरून जाताना चालतो तसा.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. डबा सापडला नाही म्हटल्यावर भावोजी म्हणाले, मुलीच्या घरचं टोक तपासून ये. मग मी गेलो.

तिची आई कपडे दुरुस्त करून देते. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, बाजूला चेनी बदलायच्या पँटींचा ढीग. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या आणि मला काही बोलायला न लावता स्वतःच बोलत राहिल्या. त्याबद्दल मला त्या फार बऱ्या वाटल्या. डॉक्टर म्हणतात सुधारणा नाही. चिमणीएवढं खाते. पण हल्ली हसते, महिनोन्महिने हसली नव्हती. सुट्टीच्या दिवशीही बाई तास घेतात, कौतुक आहे हो त्यांचं.

आतल्या खोलीत पलंगावर मुलगी बसली होती. पाठीला उशा, गुडघ्यांवर टॅब. दहा-अकरा वर्षांची असेल, मनगटं काडीसारखी. तिने मान वर केली नाही.

आईंनी पलंगाखालून पायानेच एक चप्पल बाहेर ओढली. निळा पट्टा, त्यावर पिवळं फूल. “हिची जोडीदारीण चार दिवस सापडत नाही. त्याआधी कंगवा गेला. पोरगी पलंगावरून उतरत नाही आणि चपलेला पाय फुटतात. आता काय म्हणावं?”

मुलगी म्हणाली, “आई, हेच ते. काल भिंतीला कान लावून उभे होते.”

आई हसल्या. टॅबमधून दिसले असतील, म्हणाल्या. मला ते पटवून घ्यायचं होतं. पण मी कान लावला तेव्हा शाळेचा टॅब माझ्या छातीशी होता, तोंड माझ्या शर्टाकडे करून. त्याला फार तर माझी गुंडी दिसली असती.

मी मुलीला म्हटलं, बघू जरा, नेट कसं चाललंय. तिने थोडा विचार केला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

५

पहिल्यांदा जाणवला तो स्वच्छपणा. शाळेच्या नेटवर चित्र जरा तरी अडकतं, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. इथे तसं काही नव्हतं. काचेतून बघावं तसा वर्ग दिसत होता.

वर्ग आमच्यासारखाच होता, फक्त खिडक्या दुसऱ्या बाजूला होत्या. मुलं पाठमोरी बसली होती. मी आठवीपर्यंत का होईना, वर्गात बसलोय. वर्ग कधी असा बसत नाही. कुणी मान खाजवतं, कुणी चुळबुळतं, कुणी खाली वाकून खोडरबर शोधतं. इथे कुणी हलत नव्हतं. पुढे बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्याही पाठमोऱ्या. खडूचा आवाज येत होता. लिहिलेलं वाचता येईल इतकं चित्र साफ होतं, आणि तरी मला ते वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. बाकाखाली एक चप्पल नीट सरळ ठेवलेली. निळा पट्टा, पिवळं फूल. बाकावर कंगवा.

मी पलंगाखाली बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. असं दोनदा केलं.

या बाई वळून बघत नाहीत का कधी, असं मी विचारलं.

“उद्या बघणार आहेत,” मुलगी म्हणाली. “उद्या मी जाणार ना.”

“कुठे?”

“तिथे. जागा पुसून ठेवलीय माझी. इथून बघून बघून कंटाळा आला.”

दारातून आई म्हणाल्या, डॉक्टर अजून नको म्हणतात, पण जायची इच्छा तरी धरली, हे काय थोडं आहे? बोलता बोलता त्यांनी चादरीतून मुलीचा पाय हातात घेतला आणि चोळायला लागल्या. “किती गार बघा. तास चालू असला की अशीच पडते. चार हाका मारल्या तर एक ऐकते.”

त्या कढत पाणी आणायला गेल्या. मुलगी पटकन माझ्याकडे झुकली.

“तुम्ही हे बंद करायला आलात ना? नका करू ना, दादा.” तिचे डोळे भरले होते. “आधी कुणी माझ्याशी बोलायचं नाही. माझं तोंड फळ्याकडे करायलासुद्धा विसरायचे. अख्खा दिवस मी भिंत बघायचे. इथे सगळे माझी वाट बघतात.”

तिचं म्हणणं खरंच होतं. रिकाम्या वर्गात मी तो टॅब कितीदा तरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पाहिला होता आणि मला वाटायचं, झाडणाऱ्या मावशींचा हात लागला असेल.

निघताना मी तिच्या आईला म्हटलं, आजचा दिवस तिचा टॅब बंद ठेवा. का, असं त्यांनी विचारलं. काय सांगणार? मी त, त, करत राहिलो. तेवढं एक सुख आहे हो पोरीला, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आणि आत मुलगी पडद्याकडे बघून हसली, कुणीतरी काहीतरी गमतीचं बोलल्यासारखी.

६

मी घरी गेलो नाही, शाळेत गेलो. ऊन अजून होतं. शिपाईमामा फाटकापाशी झोपाळलेल्या डोळ्यांनी म्हणाले, सुट्टीलासुद्धा शाळा? लहानपणी एवढं आला असतास तर साहेब झाला असतास. मी हसल्यासारखं केलं आणि वर गेलो.

एकच मार्ग सुचत होता. आमच्या सगळ्या डब्यांचं नाव बदलायचं, पासवर्ड बदलायचा. मग जुन्या नावाने हाक मारणारा जो कोणी असेल तो उघडा पडेल आणि टॅबला त्याच्यापासून तोडता येईल. भावोजींना सांगणं भाग होतं. ते एकदम तापले. पुढच्या आठवड्यात टॅबवर परीक्षा आहे, शाळेतल्या प्रत्येक टॅबमध्ये हाताने नवा पासवर्ड घालावा लागेल, एका टॅबपायी साऱ्या शाळेला वेठीला धरतोस का? कारण तरी काय? मी पुन्हा तेच म्हटलं, बदलावं लागेल.

“करून तर बघ,” भावोजी म्हणाले. “मग माझ्या दारात उभा राहू नकोस.”

भावोजींनी मला कामाला लावलं, खायला घातलं, चारचौघांत माझी चेष्टा केली पण मला कधी हाकललं नाही. त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. ऑफिसात जाऊन बसलो आणि नाव बदललं.

डबे एकेक करून बंद झाले आणि नव्या नावाने उठले. मी वरच्या वर्गात आलो आणि ठकीच्या पडद्यावर आसपासची नेटवर्कं पाहिली. वर आमचं नवं नाव. त्याच्या खाली जुनं नाव. सिग्नल फुल.

आता त्या नावाने हाक मारणारा आमचा एकही डबा शाळेत नव्हता. आणि टॅब अजून त्याचाच हात धरून होता.

माझ्या बोटाला घाम आला होता, पडद्याला बोट कळेना. शर्टाला पुसलं आणि ‘नेटवर्क विसरा’ दाबलं. काल दाबलं तेव्हा पासवर्ड परत घातला होता. आज घातला नाही.

एकदम फार शांत झालं. तेव्हा कळलं की इतका वेळ खडूचा आवाज येत होता.

फोन वाजला. मुलीची आई. रडत होत्या. “काय केलंत हो? पडदा काळा झाला आणि पोरगी उठून बसलीय. पाय खाली सोडलेत तिने, दाराकडे जायचं म्हणते, धरून ठेवलंय मी.”

मी विचारलं, पाय गरम आहेत का?

त्यांनी पाय चाचपले असावेत. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आहेत.”

मागून मुलगी ओरडत होती. आधी शब्द कळेनात, मग एक वाक्य कळलं. ती म्हणत होती, आता ते माझ्या जागेवर दुसऱ्या कुणालातरी घेतील.

७

मी तिच्याच बाकावर बसून राहिलो. बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी केलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं.

मग सवयीने शेवटची तपासणी करायला गेलो. काम करताना मी माझ्या फोनचं वायफाय बंद ठेवतो. नाहीतर फोन मधेमधे लुडबुड करतो. काम झालं की चालू करून पाहायचं, सगळं नीट आलंय ना. मी चालू केलं. नवं नाव दाबायला बोट पुढे नेलं, तोवर फोन जोडला गेलासुद्धा.

जुन्या नावाला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साऱ्या शाळेतून ते नाव पुसलं आणि माझ्याच खिशातल्या यंत्राला विसरायला सांगायचं राहिलं. या शाळेत इतकी वर्षं फिरलेल्या माझ्या फोनला ते नाव कुणापेक्षाही जास्त ओळखीचं होतं.

कुणाचा कॉल आला नाही, घंटी वाजली नाही. पडदा आपणहून उजळला. तोच वर्ग. मात्र आता मी तो मागून बघत नव्हतो. फळा समोर होता, बाकाची कड माझ्या छातीशी येत होती. मी त्या रिकाम्या जागेवरून बघत होतो.

शेजारी एका मुलाचं कोपर दिसत होतं. मुलाने मान वळवली नाही. पण कोपर हललं. थोडं आत घेतलं त्याने, मला जागा व्हावी म्हणून.

आठवीत मी शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायचो. शेजारी कोण होतं ते आठवत नाही. माझ्यासाठी कुणी कोपर हलवल्याचं आठवत नाही.

फळ्यावरचा खडू थांबला. बाई वळायला लागल्या. आधी खांदा वळला, मग केसांची कड, कानाची पाळी, मग गालाची सुरुवात. गाल जिथे संपून पुढे काहीतरी सुरू व्हायला हवं, तिथवर मी पाहिलं. मग फोन बाकावर उलटा आपटला.

उलट्या फोनमधून आवाज आला. बाई माझं नाव घेत होत्या. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, फक्त शाळेतच घेतात तसं पूर्ण. त्या नावाने मला कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती. आवाज मायेचा होता. घाई नव्हती त्यात. नाव घेऊन त्या थांबल्या आणि सगळा वर्ग थांबला.

मी बोलणार नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. पण रिकाम्या वर्गात माझा आवाज स्पष्ट आला, कुठेही न अडखळता.

“हजर.”

८

पुढे सगळं मार्गी लागलं. भावोजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आले आणि शिव्या घालत माझ्याबरोबर एकेक टॅब नव्या पासवर्डवर आणला. ठकी नव्या नेटवर चालू झाली. मी धीर करून बाईंना सांगितलं की मुलगी बराच वेळ भिंत बघत असते. बाईंचा चेहरा उतरला. त्यानंतर रोज एक मूल तिच्या शेजारी बसायला लागलं, टॅब फळ्याकडे वळवायला, डबा खाताना गप्पा मारायला. मुलगी खायला लागली. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. पडलंही असेल.

माझ्या फोनमध्ये ते जुनं नाव अजून आहे. एक बोट दाबायचं काम. पण मी त्याचा नीट विचार केला आहे. जागा एकच आहे. ती भरलेली असेल तोवर ते कुणाला हाक मारणार नाहीत. नाव पुसलं तर जागा रिकामी होईल, आणि मग कुणाचं तरी ओळखीचं यंत्र ते शोधतील. हा हिशेब चोख आहे. नेटवर्कचं काम करणारा कुणीही मान डोलवेल.

कधीकधी मला वाटतं की कारण एवढंच नाही. तिथे मला पुस्तकातलं कळतं. अडखळलो तर कुणी हसत नाही. शेजारच्याचं कोपर रोज थोडं आत असतं. शाळा सुटल्यावर मी भिंतीपाशी मोडक्यांतली एक खुर्ची मांडून बसतो, अर्धा तास म्हणून, आणि उठतो तेव्हा फाटकापाशी शिपाईमामा कुलूप हातात घेऊन उभे असतात. ताई म्हणते, जेवायला चार हाका माराव्या लागतात तुला. परवा माझा हात हातात घेऊन ती तो चोळायला लागली.

मुलगी शाळेत येऊ लागली. पहिल्यांदा तिला मी व्हरांड्यात पाहिलं तेव्हा स्टुलावर चढून डब्याची वायर बसवत होतो. तातडीचं काम निघालं म्हणून त्या दिवशी शाळेच्या वेळातच आलो होतो, मधली सुट्टी होती. दोन मैत्रिणी तिला दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू चालवत होत्या. माझ्यापाशी आल्यावर तिने त्यांना पुढे व्हा म्हणून सांगितलं आणि भिंतीचा आधार घेऊन थांबली.

“दादा, माझी जागा भरली?”

मी वायरकडे बघत म्हटलं, भरली.

तिने माझ्याकडे वर पाहिलं. पोरीची नजर नव्हती ती. मग तिने भिंतीवरचा एक हात सोडला आणि माझ्यासमोर पसरला. उभं राहण्याची सवय नव्हती तिला अजून.

“फोन द्या,” ती म्हणाली. “मी पुसते. तुम्ही माझं पुसलंत ना.”

घंटा झाली. मैत्रिणींनी वर्गाच्या दारातून तिला हाक मारली, मग पुन्हा मारली. तिने हात मागे घेतला नाही. मी स्टुलावर उभा होतो, एक हात छताला, दुसरा खिशावर. ती पडेल असं मला दिसत होतं, खाली उतरून तिला धरावं असंही वाटत होतं.

फोन मी दिला नाही.